चार हजारांची गोल्टी

आठवीपर्यंत ज्योत्स्नाला हजेरीला "उपस्थित" म्हणायचीसुद्धा लाज वाटायची. मग नववीत एकदा पीटीच्या सरांचा घसा बसला, समोर दिसली म्हणून त्यांनी तिलाच पुढे उभं केलं, आणि तिनं "सावधान!" अशी काही आरोळी ठोकली की कुंपणाबाहेरच्या दूधवाल्यानं सायकल थांबवून पाय जुळवले. तेव्हापासून ती थांबतच नव्हती. आई म्हणायची, "चौदा वर्षांचं साठलेलं एकदम बाहेर पडतंय."

तिची आई, वत्सलाबाई, विंचूरच्या कांदा मार्केटात कांदे वेचायची. लिलावाला ट्रॉल्या उभ्या राहिल्या की चार कांदे इकडे-तिकडे सांडणारच. जमिनीवर पडलेला कांदा वेचणारीचा, हा तिथला नियम कागदावर कुठेच नव्हता, पण मोडायची छाती कुणाची नव्हती. अशा सात जणी होत्या आणि आठवी गोल्टी. गोल्टी म्हणजे खरं तर बारीक कांदा. तसंच तांबूस, गोलमटोल पिल्लू एका पावसाळ्यात बारदानाच्या ढिगात सापडलं, म्हणून बायकांनी तेच नाव ठेवलं. मोठी होऊन ती बायकांच्या ढिगांची राखण करायला लागली. शेळी तर सोडाच, शेळीची सावली पडली तरी भुंकायची.

त्या गुरुवारी ज्योत्स्ना शाळेतून मार्केटात आली, तर गोल्टी ओट्याखाली पडलेली. मागे येणाऱ्या ट्रॉलीचं चाक मागच्या पायावरून गेलं होतं.

"नको बघू," आई म्हणाली.

"बघणार!" म्हणत तिनं ओढणी काढून पाय अलगद गुंडाळला. हबीबचाचांचा टेम्पो माल भरून नाशिकला निघालाच होता. ती आडवीच झाली पुढ्यात.

"अगं, कांद्याच्या गाडीत कुत्री?"

"चाचा, तिचं नावच गोल्टी आहे! मालातच धरा!"

हबीबचाचा हसले आणि दार उघडलं. मायलेकी गोल्टीला घेऊन चढल्या.

नाशिकमध्ये इंदिरानगरला जनावरांचे डॉक्टर होते, आवेज नावाचे. त्यांनी एक्स-रे दिव्यासमोर धरला. "मांडीचं हाड मोडलंय. आत सळई घालावी लागेल, तीही सोमवारच्या आत. नाहीतर पाय काढावा लागेल. माझी फी राहू दे, पण सळई, भूल, औषधं धरून साडेतीन हजार तरी लागतील."

साडेतीन हजार! त्या साली एक क्विंटल गोल्टी चारशेला जात होती. वत्सलाबाई बोटांवर क्विंटल मोजायला लागली. 

"आपण कांदे विकू," ज्योत्स्ना म्हणाली.

"कोणाचे?"

"आपले! सगळ्यांचे! वेचलेले!"

"अगं, आम्ही ते बाजारात वाट्यानं विकतो. लिलावात कोण घेतंय?"

"घेतील. मी ओरडेन."

शुक्रवारी बायकांनी आपापल्या टोपल्यांतून ओंजळ ओंजळ बाजूला टाकली. शनिवारी मालनबाईनं तर अख्खी टोपलीच ओतली. "माझ्या कांद्यावरून दोनदा साप हाकललाय आपल्या गोल्टीनं. घ्या." दुपारपर्यंत बरोबर एक क्विंटल भरलं. नेहमीच्या भावानं त्याचे चारशेच होणार होते, बाकी भिस्त ज्योत्स्नाच्या आवाजावर. हबीबचाचांनी ते टेम्पोत चढवलं आणि टेम्पो ट्रॉल्यांच्या रांगेत सगळ्यात शेवटी लावला.

लिलाव पुकारणारे राजूमामा शेवटी तिथे पोचले, मागे वीसेक व्यापारी. मामांनी ढिगाकडे पाहिलं. "हा कोणाचा माल?"

"गोल्टीचा!" ज्योत्स्ना टेम्पोवर उभी राहून म्हणाली. "गोल्टीची गोल्टी! तिच्या पायाला सळई बसवायचीये!"

हशा पिकला. मामांना दिवसभर पुकारून बोलवत नव्हतं. ते म्हणाले, "मग तूच पुकार."

  ज्योत्स्नानं छाती भरून श्वास घेतला.

"एक नंबर गोल्टी! वेचून वेचून वेचलेली! एक सडका निघाला तर मी खाते! बोला!"

"तीनशे," कोणीतरी म्हणालं.

"तीनशे? काका, तीनशेत तर कुत्र्याचा पट्टा येत नाही!"

"साडेतीनशे!"

"चारशे!"

"चारशे वीस!"

आणि बोली तिथेच अडकली. चारशे वीस! ती घसा फोडून ओरडत होती, व्यापारी घड्याळाकडे बघायला लागले होते. डोळ्यांत पाणी आलं, ते तिनं कांद्यावर ढकललं.

गर्दीत गोटीराम शेठ होते. विंचुरातला सगळ्यात मोठा वखारवाला आणि सगळ्यात चिकट माणूस. ते मोठ्यानं म्हणाले, "अरे, माझा गुडघा दहा वर्षं दुखतोय, त्यात कोणी सळई घालंना, आणि कुत्रीला सळई! वा रे वा! जा, चार हजार! काय? घे चार हजार!"

सगळे खो खो हसले. शेठही हसले.

ज्योत्स्ना हसली नाही. तिनं हात वर केला, आणि शाळेच्या मैदानावरचा तो "सावधान!"चा आवाज बाहेर काढला.

"चार हजार एक वार! चार हजार दोन वार! चार हजार तीन वार! गोटीराम शेठ!"



"ए पोरी!" शेठ लालबुंद झाले. "मी गंमत केली!"

"शेठ," ट्रॅक्टरवर बसलेला एक शेतकरी संथपणे म्हणाला, "आमच्या मालाला बोललेला भाव आता गंमत म्हणून मागं घेणार का?"

"तीन वार झाले, शेठ," दुसरा म्हणाला. "तीन वारानंतर माघार नाय."

"लय झालं, काढा पाकीट!" मागून कोणीतरी ओरडलं.

शेठनी राजूमामांकडे पाहिलं. मामांनी गुपचूप सौद्याची पट्टी, म्हणजे पावती, फाडली. तीन वार झाल्यावर शब्द फिरवला, तर उद्यापासून शेठच्या वखारीसमोर एकही ट्रॅक्टर थांबला नसता, हे शेठनाच सगळ्यात चांगलं माहीत होतं. त्यांनी दात-ओठ खात नोटा काढल्या.

"पण मग कुत्री माझी!"

"कांदे तुमचे!" ज्योत्स्ना टेम्पोवरून उडी मारत म्हणाली. "कुत्री सगळ्यांची!"

रविवारी सळई बसली. पुढचे सहा आठवडे गोल्टी ओट्याखाली बारदानावर. उचलायला मालनबाईच्या जुन्या लुगड्याची झोळी केली. ज्योत्स्ना शाळेत जाताना औषध द्यायची, आल्यावर झोळी धरून चार पावलं चालवायची. गोल्टी पाय टेकवायची आणि लगेच उचलायची. "टेकव की गं!" रोज तेच. एकदा तर ज्योत्स्ना वैतागून ओट्यावर बसून रडली. गोल्टीनं तिचा कान चाटला.

आणि मग एका बुधवारी, भर लिलावात, ज्योत्स्ना झोळी आणायला वळली, तेवढ्यात गोल्टी आपण होऊन उठली. पहिला पाय, दुसरा, तिसरा. चौथा टेकवला. टेकवलेलाच राहिला! ती वाकडीतिकडी ट्रॉल्यांच्या रांगेत निघाली, नेहमीसारखी, ढीग तपासत.

"अहो, थांबा!" ओरडले कोण? तर गोटीराम शेठ. "ट्रॅक्टर बंद करा रे! दिसत नाय का, आमची चार हजारांची गोल्टी येतीये!"

शेठच्या मालापाशी पोचल्यावर गोल्टी थांबली. ढीग हुंगला. मग शेठकडे बघून अशी काही गुरगुरली की शेठ दोन पावलं मागे सरकले.

"शाब्बास!" ज्योत्स्ना ओट्यावर चढून ओरडली. "गोल्टी, आगे कूच! बाकीच्यांनी रस्ता द्या!"