श्रावणात उघडा पडलेला साग

मी एक जुना साग आहे. चोपड्याच्या वर, जिथे कपाशीचं रान संपतं आणि सातपुड्याचा चढ लागतो, तिथे निंबा नावाच्या शेतकऱ्याच्या बांधावर मी उभा आहे. मित्रांनो, झाडाला कसली आली लाज, असं तुम्हाला वाटेल. मलाही पूर्वी तसंच वाटायचं.

तरुणपणी माझा काय तोरा होता! एकेक पान सुपाएवढं. निंबाची आई भिकुबाई दर श्रावणात पाटी घेऊन यायची. कानबाई देवीच्या सणाचे रोट त्या घरी माझ्याच पानांवर वाढले जायचे. बरोबरच्या मुली कोवळी पानं तळहातावर चोळून लाल झालेले हात एकमेकींना दाखवायच्या. बांधावर माझ्याच बियांचे आणखी साग होते. अळी तेव्हाही यायची, पण साळुंक्या तिचा फडशा पाडायच्या.

मग पावसाचं तंत्र बिघडलं. वैशाखातच दोन सरी येऊन पालवी फुटायची आणि आषाढ कोरडा जायचा. सत्त्याऐंशी साली उन्हाने दमलेल्या आमच्या पानांवर अळी अशी तुटून पडली, की पाखरांना ती आवरेना. ऐन श्रावणात, पायाशी गवतसुद्धा हिरवं असताना, आमच्या अंगावर नुसत्या शिरांची जाळी लोंबत होती.

भिकुबाई रिकामी पाटी घेऊन समोर उभी राहिली. धरणीने पोटात घेतलं तर बरं, असं मला झालं.

"हाई काय व्हयनं रे बाबा तुले?" ती म्हणाली.

मागून निंबा कुऱ्हाड घेऊन आला. "माय, झाड मरी गय. हाई अळी कपाशीमा उतरी जाई. बठ्ठा साग तोडी टाकू."

सागाची अळी कपाशीला तोंड लावत नाही. पण ज्याचं पोट कपाशीवर, त्याला प्रत्येक अळी कपाशीचीच वाटते.

"आंगवर कपडा नही म्हनीसन कोनी मानूसले मारस का?" भिकुबाई कडाडली. तिने घरून आपलं जुनं लुगडं आणलं आणि माझ्या बुंध्याला गुंडाळलं. आईच्या लुगड्यावर घाव घालायला निंबाचा हात धजेना. बाकीचे साग मात्र त्याने आडवे केले.

पोळ्याच्या सुमारास मला नवी पालवी फुटली. निंबा बैल घेऊन भिकुबाईबरोबर आला आणि जागीच थबकला. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग बांधावरच्या खुंटांकडे.

"माय, त्या बी जित्ताच व्हतात," तो हळूच म्हणाला.

भिकुबाईने वाकून एका खुंटावर हात फिरवला. मित्रांनो, उघडा पडलो तेव्हा वाटली नव्हती एवढी लाज मला त्या दिवशी हिरवं होण्याची वाटली. माझं प्रत्येक नवं पान निंबाला टोचत होतं.

खुंटांनाही कोंब आले, पण ते बकऱ्यांनी खुडले, उरलेले पुढच्या वर्षीच्या अळीने. आता तिथे घाणेरीची काटेरी झुडपं माजली आहेत. वर डोंगरातही तसंच चाललंय. पाऊस चुकतो, अळी वाढते, कोवळे साग वाळतात आणि त्यांची जागा घाणेरी घेते.

भिकुबाई आता नाही. अळी आली की निंबा तेच विटलेलं लुगडं मला गुंडाळतो आणि मान खाली घालून निघून जातो.

मित्रांनो, झाड उघडं दिसलं तर लगेच कुऱ्हाड काढू नका. पालवी फुटेपर्यंत थांबा. सगळ्यांसाठी थांबा, माझ्या एकट्यासाठी नको. एकट्याने हिरवं व्हायची मला फार लाज वाटते.