रिकाम्या नळीचे मापन

हेलियम भरून यंत्र थंडावू लागले, की प्रयोगशाळेतली माणसे दोघादोघांनी पाठीला पाठ लावून उभी राहत आणि दिसेनाशी होत. डॉ. वसुधा धारूरकरांना याचे नवल उरले नव्हते. त्यांचा संशय निराळा होता. अदृश्य झाल्यावर ही माणसे आपल्याविषयी बोलतात, असे त्यांना वाटे.

यंत्रातल्या हिरव्या स्फटिकाचेही तसेच होते. त्यातले सूक्ष्म चुंबक गारठ्यात जोड्या जुळवत, एक वर तर दुसरा खाली, बेरीज शून्य. मग चुंबकीय क्षेत्र कितीही वाढवा, सूक्ष्मलहरी कितीही सोडा, कोणी ओ देत नसे. पडद्यावर सपाट रेघ, आणि तिच्यात एकाच जागी एक बारीक शिखर. सगळे गप्प असताना बोलणारे हे कोण, या प्रश्नावर वसुधाबाईंची उमेदीची वर्षे गेली होती. त्यांच्या मते ती जोड्यांचीच, आजवर कोणी न पाहिलेली थरथर होती. विभागप्रमुख देवस्थळींच्या मते ती अशुद्धी होती, स्फटिक ठेवायच्या नळीला चिकटलेला, जोडीदार न मिळालेला एखादा उपरा अणू.

"वजा करून टाका, वसुधाबाई. आलेख कसा स्वच्छ दिसेल."

"सर, ते मोजून मिळालंय. कशाच्या आधारावर वजा करू?"

"परंपरेच्या." बोलता बोलता देवस्थळींनी सहकारी फातर्पेकरांच्या पाठीला पाठ लावली होती, त्यामुळे हा शब्द नुसत्या हवेतून आला.

फोन वाजला की उचलायला वसुधाबाईच उरत. "तिथे कोणी आहे का?" अशी विचारणा होई. "मी आहे," म्हटले की पलीकडचा माणूस फोन ठेवून देई.

एकदा चहाच्या वेळी, सगळे दिसत असताना, फातर्पेकर जवळ सरकले. "मॅडम, हट्ट सोडा. माझ्याशी जोडी लावा. तुम्ही म्हणायचं 'आहे', त्याच क्षणी मी म्हणायचं 'नाही'. दोघांचंही म्हणणं राहतं, आणि ऐकू कोणालाच जात नाही. बढत्या अशाच मिळतात."

"आणि सरांचं काय?"

"त्यांना कोणीही चालतं. उलट बोलणारा हवा, बस्स."

"तुमचं स्वतःचं मत काय आहे, फातर्पेकर?"

"पाठीमागे कोण आहे त्यावर आहे," ते बिस्किट बुडवत म्हणाले.

वसुधाबाईंचा शोधनिबंध नियतकालिकाकडून परत आला तो एका अटीवर: रिकाम्या नळीचे मापन जोडा. स्फटिक काढल्यावरही शिखर राहिले, तर ते स्फटिकाचे नव्हेच. अट रास्त होती, म्हणूनच वसुधाबाईंना तिचा संशय आला. शिवाय एक गोष्ट त्यांनी कोणाला सांगितली नव्हती. आपली खुर्ची यंत्राच्या चुंबकाजवळ सरकवली की शिखर किंचित उंच होई. त्या खोलीत जोडीवाचून उरणाऱ्या त्या एकट्याच होत्या; शिखर आपलेच असेल तर?

तरीही त्यांनी स्फटिक काढून तळहातावर घेतला, रिकामी नळी आत सोडली आणि हेलियम भरले. नळी रिकामी आहे याच्याशी माणसांना कर्तव्य नव्हते. ती नेहमीप्रमाणे जोड्या लावून दिसेनाशी झाली. वसुधाबाई चुंबकाला खेटून उभ्या राहिल्या. क्षेत्र वाढत गेले. शिखराची जागा आली आणि मागे पडली.

रेघ सपाट होती.

म्हणजे शिखर स्फटिकाचेच होते. त्यांचा इतक्या वर्षांचा शब्द खरा ठरला होता. हे मोठ्याने सांगायला त्यांनी श्वास घेतला, तेव्हा पाठीला ऊब जाणवली. कोणाची तरी पाठ त्यांच्या पाठीला टेकली होती. कधीपासून, ते त्यांना सांगता येईना.

"स्फटिकाचंच होतं," त्या म्हणाल्या.

"स्फटिकाचं नव्हतंच," त्याच क्षणी मागून कोणी म्हणाले.

खोलीत काहीच ऐकू आले नाही. फोन वाजू लागला. खिडकीच्या काचेत प्रयोगशाळा लख्ख उमटली होती: मेज, चुंबक, रिकामी खुर्ची, आणि चुंबकाशेजारी, तळहाताच्या उंचीवर, अधांतरी थांबलेला हिरवा स्फटिक.