वहीतली अंघोळ

अंघोळ मी माझी स्वतः करते, असं वहीत लिहिलेलं आहे. तीन महिने रोज. वाचणाऱ्याला वाटावं, बाई अजून नदीत सूर मारत असेल.

खरं असं, की मला स्टुलावर बसवून, पाठ चोळून, पुसून, कपडे चढवून बाहेर आणते ती सुतळी. संस्थेकडून रोज सकाळी दोन तास येणारी मदतनीस. अंगाने सुतळीसारखी, म्हणून नाव मी ठेवलं. पण मला उचलते तेव्हा तिचा दोरखंड होतो.

दिवसभरात काय केलं ते तिने वहीत लिहायचं, असा संस्थेचा नियम. आणि दर रविवारी सून येते, ती माझी तब्येत विचारायच्या आधी चष्मा लावून ती वही वाचते. या सुनेला कपड्यांची घडी कशी घालायची ते मी अठ्ठावीस वर्षं शिकवतेय. तिने वाचायचं, की सासूला कपडे दुसरीच घालते? म्हणून पहिल्याच आठवड्यात सुतळीला सांगितलं, "लिही, स्वतः केली."

"मावशी, हे बरोबर नाही."

"मग उद्यापासून येऊ नकोस."

मला स्टुलावरून उठता येत नाही, पण माणसाला दारातून घालवता येतं.

परवा तपासनीस बाई आल्या. मदतनीस नीट काम करतात का, हे घरोघर जाऊन बघायचं त्यांचं काम. सूनही हजर होती. मी पाठ ताठ करून बसले होते. म्हणजे सुतळीने मागे दोन उश्या खोचल्या होत्या.

बाईंनी वही चाळली. "अंघोळ स्वतः. कपडे स्वतः. मोजे स्वतः." मग सुतळीकडे वळल्या. "मग दोन तास तुम्ही करता काय?"

बाईंनी आणखी दोन पानं उलटली.

"तीन महिन्यांत एकदाही हात लावलेला दिसत नाही. तुम्हाला कामावरून काढा, असं मला लिहावं लागेल."

सुतळीने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, तेच झोंबलं. बघितलं असतं तर सवयीने डोळे वटारले असते आणि विषय संपला असता.

"आईंना पहिल्यापासून कुणाचा हात लागलेला चालत नाही," सून म्हणाली. "सगळं आपलं आपण करतात." चक्क कौतुकाने म्हणाली. अठ्ठावीस वर्षांत पहिलं कौतुक, आणि तेही खोट्यावर. मी ते क्षणभर चघळलं. दोन क्षण म्हणा.

मग म्हटलं, "तिला काढू नका. ते मीच लिहायला लावलं."

"आजी, तुम्ही तिला पाठीशी घालताय. रोजच्या माणसाची माया लागते."

"माया? मला? सुनेला विचारा."

"नाही हो, तसं काही नसतं त्यांचं," सून म्हणाली. जरा घाईनेच म्हणाली.

तरी बाईंना पटेना. इतकी वर्षं थाट केला, तो असा अंगाशी आला. शेवटी मी म्हटलं, "बघा, मोजा काढून दाखवते." वाकले. हात गुडघ्यापर्यंत गेला आणि थांबला. तिथून पाय मला दिसतो, भेटत नाही.

सुतळी खाली बसली, मोजा गुंडाळत काढला, बोटांच्या बेचक्यात बघितलं, टाचेवरून अंगठा फिरवला. बाईही वाकल्या. "ही जखम कधी भरली?"

"मागच्या महिन्यात. रोज धुऊन मलम लावत होते."

"जखम?" सून म्हणाली. "कसली जखम?"

तीही मी वहीत येऊ दिली नव्हती.

"काम चोख आहे," बाई सुतळीला म्हणाल्या. "काढत नाही. पण खोटं लिहिलंत, त्याची समज लेखी मिळेल. आणि आजी, तुम्हाला समज द्यायला माझ्याकडे कागदच नाही."

"सून आहे ना," मी म्हटलं.

पण सून पुढे आली. खाली बसली, सुतळीच्या हातातून मोजा घेतला आणि मला घालायला लागली. उलटा. टाचेची शिवण पायाच्या वर आली. सुतळीने ओठ दाबून घेतले. मी छताकडे बघत बसले आणि जीभ दातांखाली धरली. बाई दाराबाहेर पडेपर्यंत तरी धरली.