फाटकात आडवी लावलेली बस

मी खाणीची बस बोलतेय. आता मला चाकं नाहीत, इंजिन नाही, तरी अंगातली थरथर काही जात नाही. स्वस्थ उभं राहायला मला कुणी शिकवलंच नव्हतं.

कारखान्यातून निघाले तेव्हा माझा रंग पिवळा होता. कोळशाच्या खाणीनं मला विकत घेतलं आणि आठवडाभरात तो रंग ओळखू येईना. कॉलनीतून कामगार न्यायचे, काळवंडलेले परत आणायचे. जाताना सगळे बडबडत, येताना एकमेकांच्या खांद्यावर माना टाकून झोपत. माझ्या ड्रायव्हरला लहानथोर सगळे मामाच म्हणत. झोपमोड नको म्हणून मामा खड्ड्यापाशी वेग कमी करत.

दारालगतची सीट संघटनेच्या अध्यक्षाची. त्याला सगळे पुढारी म्हणत. बोलायला लागला की माझ्या काचा वाजत. त्याची थोरली मुलगी माझ्यातूनच कॉलेजला जायची. बापाचं भाषण सुरू झालं की खिडकीबाहेर बघायची.

मग मंत्री आले. कोळशाचे दिवस संपले, म्हणाले, आता उन्हापासून वीज करायची. खाण बंद होईल, पण एकही घर उघड्यावर पडणार नाही. टाळ्या पडल्या. खाण बंद झाली, आणि बोलल्याप्रमाणे झालं ते तेवढंच. सौर प्रकल्पाला माणसं हवी होती मूठभर, तीही तरुण आणि शिकलेली. कॉलनीतून एकटी थोरली निवडली गेली. चौकाचौकात तिचा हसरा फोटो लागला, खाली 'खाण कामगारांच्या घरी नवी पहाट'. पुढारी त्या फोटोखालून मान खाली घालून जायचा.

एका सकाळी त्यानं मामांकरवी मला प्रकल्पाच्या फाटकात आडवी लावली. सगळी कॉलनी माझ्याभोवती बसली. मोठ्या वयाच्यांनाही शिकवून कामावर घ्या, उरलेल्यांना पेन्शन द्या, एवढंच मागणं होतं. आतून कुणी फिरकलं नाही.

दुसऱ्या दिवशी थोरली गणवेशात आली आणि माझ्या पायरीवर उभी राहिली.

"बाबा, बस हलवा. आज हजर झाले नाही तर काढून टाकतील मला."

"तुझा एकटीचा फोटो दाखवून त्यांनी सगळ्या कॉलनीचं तोंड बंद केलंय."

"ठाऊक आहे मला. पण सध्या आपलं घर कशावर चालतंय, तेही सांगा ना सगळ्यांना."

पुढाऱ्यानं माझ्या दारातला दांडा धरला. मग मामांना म्हणाला, "जरा मागे घ्या. माणूस जाईल एवढीच."

मी मागे सरकले. ती अंग चोरून फटीतून आत गेली. मागून कुणीतरी म्हणालं, "पुढारी फुटला."

संध्याकाळपर्यंत संघटनेचा चिटणीस नवा अध्यक्ष झाला होता. त्यानं मला पुन्हा घट्ट आडवी लावली, तावातावानं भाषणं ठोकली, आणि एके दिवशी प्रकल्पाच्या साहेबांच्या गाडीतून हसत उतरला. सौर पॅनल धुण्याचं कंत्राट त्याला मिळालं होतं. माणसं कॉलनीतलीच, पगार मात्र खाणीच्या निम्मा. सगळे कुरकुरले आणि सगळे कामावर गेले. पुढारीही गेला. मामा तेवढे लेकाकडे राहायला निघून गेले. जाताना स्टिअरिंगवरून हात फिरवला.

माझं इंजिन आणि चाकं विकली, सांगाडा प्रकल्पाच्या कुंपणाच्या आत ठेवला. मंत्री पुन्हा येणार म्हणून मला हिरवा रंग दिला, तोही न धुता. आता उन्हानं पोपडे सुटतात आणि खालची काजळी दिसते.

दुपारी कामगार माझ्यात बसून डबे खातात. पुढारी मागच्या सीटवर बसतो. थोरली ऑफिसातून डबा घेऊन येते, पण त्याच्या शेजारी नाही, पुढच्या सीटवर बसते. परवा तिनं मागे न वळताच विचारलं, "त्या दिवशी मला का जाऊ दिलंत?"

पुढाऱ्याचा घास हातातच राहिला. तो काही बोलणार, तेवढ्यात मुकादमाची शिट्टी झाली आणि सगळे उठले.

भंगारवाला माझ्याभोवती चकरा मारून गेलाय. त्याच्याशी माझं वैर नाही. लोखंडाला कधीतरी वितळायचंच असतं. फक्त एवढ्यात नेऊ नका. घरी चौघांच्या देखत त्या दिवसाचा विषय निघत नाही, आणि पुढाऱ्यानं अजून तिला उत्तर दिलेलं नाही.