उपाशी वाफा

मोजणीबाईंनी शेवटच्या रोपाशेजारी पट्टी चिखलात रोवली, वाकून आकडा वाचला, आणि पुन्हा वाचला.

"हा उपाशी वाफा ना?"

"हो. तुलनेसाठी याला गाळ घालायचा नाही, तुम्हीच सांगितलं होतं," सून म्हणाली.

पहिला वाफा, गाळ घातलेला: सरासरी उंची सत्तर सेंटिमीटर.
सहावा वाफा, उपाशी: अडुसष्ट.

मत्स्यतळ्याच्या तळाशी साचणारी माशांची घाण पूर्वी थेट खाडीत जायची. गेलं वर्षभर ती खारफुटीच्या रोपांना. सकाळी बारा बादल्या. दुपारी बारा. सुनेच्या हातांच्या वासापुढे साबणाने केव्हाच हात टेकले होते.

"गाळाशिवाय इतकंच वाढत असेल, तर गाळ हवाय कशाला?" मोजणीबाईंनी कंबर सरळ केली. "वर ऑफिसात हेच कळवावं लागेल. मग गाळ पुन्हा खाडीत, आणि हे काम बंद."

काम बंद. सुनेने बांधावर बसलेल्या सासऱ्यांकडे पाहिलं. मासे वाढवण्यात त्यांचा जन्म गेला होता. दिसेल त्याला खाऊ घालायचं, हा हाताचा गुण.

"मामंजी, याला तुम्हीच घातलंत ना? चोरून?"

"मी?"

"पाचांना ताट वाढायचं आणि सहाव्याने तोंडं बघत बसायचं, असं कोण म्हणालं होतं?"

"म्हणालो होतो खरा."

"मग! वर्षभराची मेहनत मातीत घातलीत."

सासरे तिच्या तळहातांवरच्या घट्ट्यांकडे बघत राहिले. मग मोजणीबाईंना म्हणाले,

"घातलं असेल मीच. म्हातारा माणूस. लिहा माझं नाव."

"नाव घेऊन काय करू, आजोबा? किती घातलं, कधी घातलं?"

ते काही त्यांना सांगता येईना.

बाईंनी वही मिटली. गाडी यायला वेळ होता. त्या फाटकापाशी जाऊन सावलीत उभ्या राहिल्या.

दुपारच्या दोन बादल्या राहिल्या होत्या. काम बंद झालं तरी तळं थोडंच थांबणार? सून उठली. एक चौथ्या वाफ्यात. एक पाचव्यात. खांदा दुखत होता, डोकं कशातच नव्हतं. नळाशी जाऊन तिने अर्धी बादली पाणी घेतलं, बादली खळखळून विसळली, आणि ते पाणी न बघता डावीकडे भिरकावलं.

रोजच्यासारखं.

बादली हातात तशीच राहिली. करडं पाणी सहाव्या वाफ्यात पसरत होतं, नळाकडच्या कोपऱ्यातून आत आत. त्या कोपऱ्यातली रोपं तिच्या कमरेला लागत होती.

तिने मागे वळून पाहिलं.

"तुम्हाला माहीत होतं?"

सासऱ्यांनी बांधावरचं गवत उपटलं.

"गटार पलीकडे आहे गं," ते म्हणाले. "तेवढी चार पावलंसुद्धा तुझ्याने होत नव्हती. मी रोज बघायचो."

"आणि बोलला नाहीत?"

"काय बोलू?"

फाटकाबाहेर गाडीचा आवाज आला. सून बादली घेऊनच निघाली. चिखलात चप्पल रुतली, तिथेच राहिली.

"बाई! थांबा!"

मोजणीबाईंचा एक पाय गाडीत होता.

"मामंजींनी नाही. मी घातलं." तिला दम लागला होता. "बादली विसळलेलं पाणी. अर्धी बादली. रोज दोनदा, वर्षभर."

मोजणीबाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग तिच्या खांद्यावरून पलीकडे, सहाव्या वाफ्याकडे.

"नुसत्या विसळलेल्या पाण्यावर अडुसष्ट?"

आणि त्यांनी पाय गाडीतून खाली घेतला.