कुलूप लावलेलं पाणी

थांबा, लगेच झाकण लावू नका. मी निळा ड्रम बोलतोय. मीरा रोडच्या सिल्व्हर पार्कमध्ये, दुसऱ्या मजल्यावरच्या पॅसेजमध्ये दोन दारांच्या मधोमध मी उभा आहे. पोट मोठं आहे, त्यामुळे गोष्टीही बऱ्याच साठल्या आहेत. आज एकच सांगतो.

माझा जन्म पाण्यासाठी झालेला नाही. कुठल्याशा कारखान्यात मी कपड्यांना द्यायचा रंग भरून आलो आणि रिकामा झाल्यावर भाईंदर पूर्वेच्या भंगारवाल्याकडे पडून राहिलो. तिथून पंढरीनाथ चौधरींनी मला उचललं. रिक्षात मी मावेना, म्हणून त्यांनी मला मांडीवर घेतलं आणि निम्मा बाहेर काढून घरी आणलं. त्यांच्या पत्नी अनसूयाबाईंनी नाक मुरडलं. मग चिंच लावून, सोडा लावून, कडुलिंबाचा पाला टाकून मला आठवडाभर घासलं. तेव्हा कुठे माझा वास गेला आणि मी माणसांत आलो.

पंढरीनाथ फोर्टातल्या एका विमा कचेरीत कारकून. लालबागची भाड्याची खोली सोडून त्यांनी इथे स्वतःचा ब्लॉक घेतला, तेव्हा नवरा-बायकोचे पाय जमिनीवर नव्हते. खिडकीतून मिठागरं दिसायची, संध्याकाळी वारा यायचा. पण बघता बघता समोर इमारत उभी राहिली, तिच्यामागे दुसरी. त्र्याण्णवच्या दंगलींनंतर तर मुंबईतून माणसांचा लोंढाच आला. माणसं वाढली, नळ मात्र तेवढेच राहिले. पाणी कधी एक दिवसाआड, कधी दोन दिवसांआड येऊ लागलं. आलं तरी भल्या पहाटे येईल की भर दुपारी, ते ब्रह्मदेवाला ठाऊक.

माणसाची एक गंमत सांगतो. माझ्याजवळून जाणारा प्रत्येक जण मला बोटाच्या पेराने ठोकून बघतो. ठण्ण वाजलं की रिकामा, ढब्ब वाजलं की भरलेला. मला लपवाछपवी जमत नाही. माझ्या या गुणामुळेच पुढचं सगळं घडलं.

समोरच्या दारात वैजयंता राहायची. नवरा बापूराव एका खाजगी कंपनीत शिपाई, मुलगी मानसी बालवाडीत. माणसं मूळची नांदेडकडची. दारावर बुद्धाची छोटी तसबीर, दारात नेहमी रांगोळी. या दोन घरांचं असं मेतकूट जमलं होतं की कुणाची डाळ कुणाच्या कुकरमध्ये शिजतेय तेच कळायचं नाही. अनसूयाबाईंची मुलगी रुचिता तर शाळेतून आली की आधी समोरच्या घरी जायची. वैजयंताच्या हातच्या ज्वारीच्या भाकरीची तिला चटक लागली होती.

मग उन्हाळा आला. बिल्डिंगमध्ये पाणीचोरीचे किस्से सुरू झाले. वरच्या मजल्यावर दोन बायकांनी एकमेकींच्या झिंज्या उपटल्या. टँकर आला की जिन्यात हंडे-कळश्यांची अशी आदळआपट व्हायची की मला धडकी भरायची. एका संध्याकाळी पंढरीनाथांनी माझ्या झाकणाला कडी ठोकून घेतली आणि कुलूप घातलं. चावी अनसूयाबाईंच्या कमरेला गेली.

वैजयंताने ते बघितलं. हसून म्हणाली, "काय ताई, पाण्याला पण तिजोरी केली की!"

अनसूयाबाईही हसल्या. पण त्या दिवसापासून वैजयंताचा पेराने ठोकणारा हात जरा लवकर मागे जाऊ लागला.

मे महिन्यातली ती दुपार मला विसरता येत नाही. दुसऱ्या दिवशी पंढरीनाथांच्या वडिलांचं श्राद्ध होतं. नळाला पाण्याचा टिपूस नव्हता आणि टँकरचा पत्ता नव्हता. सगळ्या मजल्यावर भरलेला असा मी एकटाच. वैजयंता घाईघाईने बाहेर आली. हातात कळशी, डोळे रडवेले.

"ताई, कळशीभर पाणी द्या. मानसीला लई ताप चढलाय, कपाळावर पट्ट्या ठेवायच्या हायेत. घरात प्यायपुरतंच उरलंय."

अनसूयाबाई दारात उभ्या होत्या. त्यांची नजर माझ्यावरून फिरली आणि त्या म्हणाल्या, "पाणी नाही हो."

वैजयंताने सवयीने मला ठोकलं. मी ढब्ब वाजलो.

काय करणार? मला दुसरा आवाज काढता आला असता तर मी काढला असता.

अनसूयाबाईंचा चेहरा पांढरा पडला. खोटं उघडं पडलेलं माणूस पुढे आणखी वाईट बोलतं, हे मी तेव्हा पाहिलं. त्या घाईघाईने म्हणाल्या, "उद्या श्राद्ध आहे. त्याचं वेगळं ठेवलंय. त्याला कुणाचा हात लागायला नको."

वैजयंताने माझ्यावरचा हात काढून घेतला.

"कुणाचा म्हणजे माझाच ना, ताई?" वैजयंताने एवढंच विचारलं. उत्तराची वाट न बघता ती कळशी घेऊन जिना उतरली.

अनसूयाबाईंच्या मनात तसं होतं की नव्हतं, मला सांगता येणार नाही. ते वाक्य त्यांनी लहानपणी घरात शंभरदा ऐकलं असेल. ते कुठेतरी आत पडून होतं आणि नेमकं त्या दुपारी तोंडातून बाहेर आलं. पण ज्याला लागायचं त्याला ते लागलं. मला तर माझ्याच पोटातल्या पाण्याची लाज वाटली. दुसऱ्या दिवशी श्राद्धाचा स्वयंपाक झाला, पानं वाढली गेली. अनसूयाबाईंनी स्वतःचं पान तसंच झाकून ठेवलं.

त्यानंतर समोरचं दार लोटलेलं राहू लागलं. मानसीचा ताप उतरला, पण अबोला काही सुटला नाही. अनसूयाबाई कितीदा तरी माझ्यापर्यंत यायच्या, समोरच्या कडीकडे बघायच्या आणि परत फिरायच्या.

त्यांची एक निपुत्रिक मावशी बऱ्हाणपूरच्या पलीकडे, मध्य प्रदेशातल्या एका खेड्यात राहायची. केळीची बाग, बारमाही विहीर आणि मागे बघणारं कुणी नाही. "इकडेच या, हे सगळं तुमचंच," असा तिचा धोशा कधीपासून चालू होता. पंढरीनाथ एका पायावर तयार होते. "काय राहिलंय इथे? गर्दी, भांडणं, टँकर. आपल्या राज्यात आपली भाषा कानावर पडत नाही," असं ते तावातावाने म्हणायचे. खाली भाजीवाल्याशी मात्र स्वतःच "भैया, ठीक लगाओ" करायचे. अडून बसल्या होत्या त्या अनसूयाबाईच. महाराष्ट्र सोडायचा म्हटलं की त्यांना भरून यायचं.

त्या श्राद्धानंतर एके दिवशी त्या अचानक म्हणाल्या, "चला. कुठेही चला, पण इथून चला."

पंढरीनाथांना आनंदाने काही सुचेना. बायको का बदलली हे त्यांनी विचारलंच नाही. मला माहीत होतं. भांडी विसळता विसळता त्या एकट्याच पुटपुटताना मी ऐकलं होतं, "मी अशी नव्हते. या जागेने मला असं केलं." माणूस दर वेळी गावालाच कंटाळून गाव सोडतो असं नाही. कधी कधी तो स्वतःला कंटाळलेला असतो आणि खापर गावावर फोडतो.

पुढचे महिने घरात नुसता ताण होता. रुचिता पाय आपटायची, "मी नाही येणार. तिकडे माझं कोण आहे? आणि मानसीला काय सांगू?" पंढरीनाथांनी मुदतीआधी निवृत्ती घेतली. ब्लॉक विकला गेला. गाठोडी बांधली गेली. समोरचं दार उघडून मात्र एकदाही कुणी "कधी निघताय?" असं विचारलं नाही. अनसूयाबाईंना तीच काळजी पोखरत होती. आपण असं तोंड लपवून जायचं का?

निघायचा दिवस उजाडला. खाली ट्रक लागला. गाद्या गेल्या, कपाट गेलं, देव्हारा गेला. पाणी यायचा तो दिवस नव्हता, म्हणून मला सगळ्यांत शेवटी, उरलंसुरलं सामान आत भरून न्यायचं ठरलं होतं.

आणि स्वयंपाकघरातला नळ खाकरला.

"पाणी आलं!" सगळ्या बिल्डिंगमधून एकच ओरडा झाला. अनसूयाबाई हातातली पिशवी टाकून धावल्या. पदर खोचला, नळी लावली, माझं झाकण उघडलं आणि मला गळ्यापर्यंत भरलं. झाकण लावलं. कडी घातली. कुलूप घातलं. चावी कमरेला खोचली. आणि मग त्या एकदम थांबल्या. घरात एक वाटीसुद्धा उरलेली नव्हती. कुणासाठी भरलं होतं हे?

ड्रायव्हर वर आला. मला हलवून बघितलं आणि वैतागला. "भाभीजी, ये भरा हुआ कौन उठायेगा? गिरा दो पानी. देर हो रही है."

गिरा दो! मीरा रोडमध्ये हे दोन शब्द कुणी उच्चारत नाही. पंढरीनाथही कचरले, पण ट्रकचा हॉर्न वाजत होता. त्यांनी बायकोकडून चावी मागितली. अनसूयाबाईंचा हात कमरेपाशी गेला आणि तिथेच राहिला. शेवटी पंढरीनाथांनीच चावी काढून घेतली, कुलूप उघडलं, झाकण बाजूला केलं आणि मला पॅसेजमधल्या मोरीच्या बाजूला कलतं केलं.

समोरचं दार धाडकन उघडलं.

"सांडू नका!" वैजयंता ओरडली. "भाऊ, पाणी सांडू नका. लोकांच्या घरात लेकरं हायेत."

पंढरीनाथांनी मला सरळ केलं. दोघी समोरासमोर आल्या. मध्ये मी. माझ्यातलं पाणी अजून हिंदकळत होतं.

अनसूयाबाई म्हणाल्या, "ताई, वाटेला लागतेय. घोटभर पाणी द्याल?"

वैजयंताने माझ्याकडे बघितलं. "तुमच्यापाशी एवढं हाय की."

"ते नको. तुमच्या माठातलं द्या."

वैजयंता जागची हलली नाही. मला वाटलं, आता दार लागतंय. अनसूयाबाईंनाही तसंच वाटलं असावं, कारण त्यांनी माझा काठ घट्ट धरला होता.

"त्या दिवशी मी तळमजल्यावरून पाणी आणलं," वैजयंता हळू आवाजात म्हणाली. "पोरीला पट्ट्या ठेवता ठेवता आज्जी आठवली. ती सांगायची, विहिरीपासून लांब उभं राहायचं, कुणी वरून वाढलं तर ओंजळीनं प्यायचं. मी तिला म्हणायचे, आज्जी, आता तसं काय ऱ्हायलं न्हाई. तुमच्या दारात मी खोटी पडले, ताई."

"तुम्ही नाही, मी खोटी पडले," अनसूयाबाई म्हणाल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायचं त्यांना सुचलं नाही. "पाण्याची टंचाई होती म्हणून बोलले असं मी स्वतःला सांगत राहिले. ते खरं नाही. ते माझ्यातच होतं. माझं चुकलं."

"माफ केलं" असं वैजयंता म्हणाली नाही. ती आत गेली आणि तांब्या-भांडं घेऊन आली. अनसूयाबाई जन्मभर भांडं वर धरून, ओठांना न लावता पाणी प्यायच्या, घरात सगळ्यांना तशीच सवय. त्या दिवशी त्यांनी भांडं सरळ ओठांना लावलं आणि घटाघटा प्यायल्या.

"सावकाश, ताई. ठसका लागेल," वैजयंता म्हणाली. किती महिन्यांनी तिच्या तोंडून पूर्वीसारखं मायेचं "ताई" आलं होतं.

खाली हॉर्न पुन्हा वाजला. अनसूयाबाईंनी नवऱ्याच्या हातातलं कुलूप किल्लीसकट घेऊन तिच्यापुढे धरलं. "ड्रम तुम्ही ठेवा. हे पण."

"ड्रम ऱ्हाऊ द्या," वैजयंता म्हणाली. "कुलूप तेवढं घेऊन जा."

असा मी इथेच राहिलो आणि माझं कुलूप परराज्यात गेलं.

गेल्या दिवाळीत रुचिता मानसीला भेटायला आली होती. भाकरी खाता खाता तिने तिकडचं सांगितलं. गाव शांत आहे, विहीर तुडुंब आहे, तरी आई पहिला उन्हाळाभर सगळी भांडी भरून ठेवायची म्हणे. पण आजीच्या, म्हणजे आईच्या मावशीच्या, ओसरीबाहेर खुंटीला एक जर्मलचं, ॲल्युमिनियमचं, भांडं टांगलेलं होतं. शेतावरच्या बायांना पाणी द्यायचं ते वेगळं भांडं. आईने ते काढून मोडीत दिलं आणि घरातल्या भांड्यातून त्यांना पाणी दिलं. आजी कितीतरी दिवस आईशी बोलली नाही. बाबाही म्हणाले, आल्या आल्या कशाला वाईटपणा घ्यायचा? आई म्हणाली, एकदा गाव सोडून बघितलं, ते वाक्य माझ्याबरोबरच आलं. आता काय ते इथेच मिटवायचं.

वैजयंताने रुचिताच्या पानात आणखी एक भाकरी वाढली.

आता मी म्हातारा झालोय. तळाशी शेवाळ धरतं, काठाला चीर गेलीय, कडीच्या जागी गंजाचा डाग उरलाय. पाणी अजून लहर लागेल तसंच येतं. तुम्ही या जिन्याने आलात तर मला जरूर ठोकून बघा. रिकामा असेन तर ठण्ण वाजेन, भरलेला असेन तर ढब्ब. आणि भरलेला असेन तर विचारत बसू नका. झाकणाला कडी नाही, कळशी बुडवा.