दोन कानांचा तांब्या आणि तापलेला शब्बाथ

मित्रांनो, तांब्याला कान असतात असं तुम्ही कधी ऐकलंय? मला आहेत, चांगले दोन. मी जुना, तांब्याचा तांब्या. शारजात अल मजाजच्या एका उंच इमारतीत, बेसिनच्या शेजारी माझी जागा आहे. स्वभावाने मी भित्रा. चकचकीत दिसतो म्हणून शूर असेन असं समजू नका.

माझा जन्म पेणला झाला. अलिबागजवळच्या नवगावातून एक म्हातारे गृहस्थ तांबटाकडे आले आणि म्हणाले, "तांब्याला दोन कान बसवून द्या." तांबट हसला. "तांब्याला कान कशाला? तो काय कढई आहे?" म्हाताऱ्यांनी शांतपणे समजावलं. ते बेने इस्राएल होते, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे यहुदी. पूर्वी तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं. सकाळी उठल्यावर हात धुवायचे ते आधी उजव्यावर पाणी, मग डाव्यावर, असं आळीपाळीने तीनदा. धुतलेल्या हाताने न धुतलेल्या हाताची जागा धरायची नाही, म्हणून दोन कान. तांबटाने मान डोलावली आणि माझे कान ठोकून पक्के केले. त्या ठोक्यांनी मी जो घाबरलो, तो आजपर्यंत.

नवगावकरांच्या घरी मी मानाने राहिलो. पुढे मुलं शहरात गेली, तिथून आखातात आली. अल मजाजच्या घरात मला पेनं आणि कात्री ठेवायचं काम मिळालं. अंगावर हिरवा गंज चढला. एक दिवस हे लोक मला भंगारात देणार, या भीतीने मी दर सफाईच्या दिवशी जीव मुठीत धरून बसायचो.

मग आमच्या शुलीचं शिबिर आलं. शुली म्हणजे शुलमिथ नवगावकर, वय वर्षं बारा, जन्म इथलाच. दुबईच्या कडेला दोन व्हिला भाड्याने घेऊन हसिदी मुलींचं उन्हाळी शिबिर भरणार होतं. हसिदी म्हणजे यहुद्यांतले फार काटेकोर लोक. तिथे प्रत्येकीने हात धुवायचं भांडं आणायचं होतं.

"आई, एव्हरीवन विल हॅव न्यू वन्स," शुली मला पाहून कुरकुरली.

"असू देत. तुझ्या पणजोबांचा आहे," तिच्या आईने, याफाने, मला चिंच लावून घासलं. "तिकडे नीट वाग. त्यांचं सगळं पक्कं असतं. आपलं थोडं सैल."

"तिला आत्तापासून घाबरवू नकोस," बाबा अवनेर म्हणाले. "यल्ला शुली, चल, बस निघेल."

शुली आधीच घाबरली होती.

तिथली बोली इंग्रजी आणि मध्येमध्ये यिद्दिश, म्हणजे युरोपातल्या यहुद्यांची जुनी भाषा. मला समजली तशी मी मराठीत सांगतो. मुली अँटवर्प, लंडन अशा थंड ठिकाणांहून आलेल्या. भर उन्हाळ्यात लांब बाह्या, लांब झगे, पायात जाड मोजे. पण काय उत्साह! जेवताना टेबलं बडवून गाणी, खोल्याखोल्यांत घोषणांची चढाओढ, शुक्रवारी पावाच्या पिठाच्या वेण्या घालायच्या आणि सूर्य मावळायच्या आधी प्रत्येकीने आपापली मेणबत्ती लावायची. इतक्या ज्योती एकदम पाहून माझ्यासारख्या भित्र्याचंही मन निवलं.

रात्री आम्हा सगळ्या भांड्यांना पाणी भरून पलंगाखाली ठेवत. झोपेत हातांवर एक अशुद्ध छाया बसते आणि हात धुतल्याशिवाय ती जात नाही, असं लहान मुलींना सांगितलेलं. शुलीच्या शेजारच्या पलंगावर झेल्डी होती, आठ वर्षांची, अँटवर्पची. ती सकाळी डोळे घट्ट मिटून हात पुढे करायची आणि शुली माझ्यातलं पाणी तिच्या हातांवर ओतायची. झेल्डीचं प्लास्टिकचं भांडं कोपऱ्यात कोरडंच राहायचं. खोटं कशाला बोलू, मला त्याचा गर्व झाला होता.

"तू खरंच आमच्यातली आहेस?" झेल्डीने एकदा विचारलं. "तू तर इंडियन दिसतेस."

"मी दोन्ही आहे," शुली म्हणाली. पण तिचा आवाज बारीक होता.

आणि पहिल्याच शुक्रवारी रात्री घोळ झाला. शब्बाथला, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या रात्रीपर्यंत, तिथे विजेच्या बटणाला कोणी हात लावत नाही. दिवे आधीच लावून ठेवायचे. शुली न्हाणीघरातून बाहेर आली आणि घरच्या सवयीने तिने टक्‌कन दिवा मालवला. खोलीभर मुलींनी श्वास रोखला. आता तो दिवा लावणार कोण? दुसऱ्या दिवशी रात्रीपर्यंत सगळ्या मुली अंधारात चाचपडत आत जात होत्या. कुणीतरी खुदकन हसलं. रागावलं कोणीच नाही, पण शुलीने उशीत तोंड खुपसलं ते बराच वेळ वर काढलं नाही.

पुढच्या शुक्रवारी खोलीची ताई रिव्की चिकटपट्टीचं रीळ घेऊन आली. एकोणीस वर्षांची, प्रेमळ, सतत धावपळीत. "कुणाचीच चूक व्हायला नको," असं म्हणत तिने प्रत्येक बटणावर लाल पट्टी मारली. मग न्हाणीघरात येऊन बेसिनच्या लाल खुणेच्या नळावरही चांगले तीनचार वेढे दिले. शब्बाथला पाणी तापवायचं नसतं. गरम नळ उघडला की गीझरमध्ये थंड पाणी शिरून तापतं, म्हणून तो नळ बंद ठेवायचा. अँटवर्पमध्ये ते बरोबरच आहे.

पण मित्रांनो, इथला उन्हाळा उलट्या नळांचा! गच्चीवरची टाकी दिवसभर उन्हात भाजते. निळ्या खुणेच्या नळाला हात लावाल तर पोळाल. म्हणून इथली माणसं मे महिन्यातच गीझर बंद करून टाकतात. मग त्यात साठलेलं पाणी घरातल्या गारव्याने निवतं आणि उन्हाळाभर गार पाणी येतं ते लाल नळातून. व्हिलाच्या राखणदाराने, वासिफने, तर शुलीच्या देखतच गीझर बंद केला होता. "गर्मी में गीझर कौन चलाता है, बेटा?" म्हणाला होता.

शुली मला विसळत तिथेच उभी होती. तिने तोंड उघडलं. मला वाटलं, आता सांगते. पण दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. दिवा मालवणारी मुलगी आता नळाबद्दल शिकवणार? तिने तोंड मिटलं आणि मला घट्ट धरलं. पट्टी मारून झाली होती आणि सूर्य कलत होता.

शनिवारी दुपारी सगळ्या मुली गल्लीपलीकडच्या दुसऱ्या व्हिलात जेवून गात होत्या. झेल्डीचं डोकं दुखायला लागलं, म्हणून रिव्की तिला आणि सोबतीला शुलीला घेऊन खोलीवर आली. दार उघडलं आणि भट्टीचा श्वास अंगावर आला. एसी बंद पडला होता. खिडक्या काचेच्या, न उघडणाऱ्या. पलंगाखाली माझं अंग हळूहळू तापू लागलं होतं.

"दुरुस्ती करा असं वासिफला सरळ सांगता येणार नाही," रिव्की म्हणाली. "शब्बाथला तसं काम सांगायचं नसतं. पण खोलीत फार गरम होतंय, एवढं त्याच्या कानावर घालता येईल. तू हिच्याजवळ बस. मी त्याला शोधते." आणि ती खाली पळाली.

झेल्डी पलंगावर आडवी झाली. सकाळपासून ती नाचली होती, पाणी प्यायला विसरली होती. तिचे गाल टोमॅटोसारखे लाल झाले. शुलीने तिला बाटलीतलं पाणी पाजायचा प्रयत्न केला. ते ओठांवरून ओघळून उशीत गेलं. शुलीने तिच्या कपाळाला हात लावला. कपाळ कोरडं होतं, तापलेल्या तव्यासारखं कोरडं. इथल्या शाळेत दर उन्हाळ्यात मुलांना बजावतात, घाम यायचा थांबला आणि माणूस बरळायला लागलं तर वाट पाहू नका, अंग गार करा.

"झेल्डी! ए झेल्डी, माझ्याशी बोल!"

"बर्फ पडतोय," झेल्डी पुटपुटली. "माझे बूट कुठेत?"

शुलीने मला उचललं आणि न्हाणीघराकडे धाव घेतली. निळा नळ सोडला. चर्र झालं! ते पाणी माझ्या पोटात पडलं तसा मी आतून पोळलो. शुलीने किंचाळून मला बेसिनमध्ये टाकलं. अशा पाण्याने झेल्डीचं काय होणार? शेजारीच लाल नळ होता, पट्टीच्या वेढ्यांत गुंडाळलेला.

शुलीचा हात त्याच्याकडे गेला आणि थांबला.

"पुन्हा मीच?" ती मराठीत म्हणाली. तिथे मराठी कळणारा मी एकटाच होतो. "पुन्हा सगळ्या बघतील. म्हणतील, हिला काही येतच नाही."

जीव वाचवायचा असेल तर शब्बाथ बाजूला ठेवायचा, हे तिला ठाऊक होतं. आई सांगायची आणि त्याच आठवड्यात शिबिरातही शिकवलं होतं. तिला भीती नियमाची नव्हती. भीती होती त्या खुदकन हसण्याची. मित्रांनो, मी पाण्याची भीती पाहिली आहे, आगीची पाहिली आहे. पण चारचौघांत हसं होण्याच्या भीतीइतकी चिवट भीती मी पाहिली नाही. आत झेल्डी कण्हत होती. मग कण्हणंही थांबलं.

शुलीने दातांनी पट्टी फाडली.

लाल नळातून गार पाणी आलं. काठोकाठ भरलेला मी झेल्डीच्या मानेवर, मनगटांवर, पोटऱ्यांवर रिता झालो. तिचे मोजे शुलीने ओढून काढले. पुन्हा नळ, पुन्हा पलंग. एका खेपेला ओल्या फरशीवर शुली घसरली, मी दाराच्या चौकटीवर आपटलो आणि माझा डावा कान वाकला. तिने मला तसंच उचललं. "कोणी आहे का? हेल्प! कोणीतरी या!" ती जिन्यात जाऊन ओरडली आणि परत पाणी ओतू लागली.

जिन्यात पावलं वाजली. मोरा मालका आत आल्या. मोरा म्हणजे बाई. शिबिराच्या मुख्य त्याच. मागे रिव्की, पांढरीफटक. मोरा मालकांनी झेल्डीला एकदा पाहिलं, तडक कपाटाकडे गेल्या, शब्बाथसाठी कुलपात ठेवलेला फोन काढला आणि रुग्णवाहिका बोलावली. त्यांचं बोट क्षणभरही अडखळलं नाही.

मग त्यांची नजर न्हाणीघराच्या दाराकडे गेली. तिथे फाटलेली लाल पट्टी लोंबत होती.

"ती कोणी काढली?"

शुलीची पाचावर धारण बसली. मला तिने पाठीमागे लपवलं. "मी," ती म्हणाली.

"मग उभी काय राहिलीस?" मोरा मालका झेल्डीच्या बाह्या वर सारत म्हणाल्या. "अजून पाणी आण!"

रुग्णवाहिका येईपर्यंत तिघींनी मला हातोहात फिरवलं. निघायच्या आधी झेल्डीने डोळे उघडले, मला पाहिलं आणि सकाळच्या सवयीने दोन्ही हात पुढे केले. शुलीने पाणी ओतलं, उजव्यावर, मग डाव्यावर. तेव्हा कुठे तिला रडू फुटलं.

वेळेवर गार केलं म्हणून निभावलं, असं डॉक्टर म्हणाल्याचं रात्री कळलं. रिव्की शुलीजवळ येऊन बसली. तिचे डोळे सुजले होते.

"लाल नळ गार असतो हे तुला आधीपासून माहीत होतं?"

"हो."

"मग मी पट्टी लावत होते तेव्हा का नाही बोललीस?"

"मला वाटलं, तुम्ही परत हसाल."

पुढच्या शुक्रवारी रिव्कीने चिकटपट्टीचं रीळ शुलीच्या हातात ठेवलं. "तू लाव. आणि कुठे लावायची नाही, ते मला आधी सांग." झेल्डी परत आली होती, तीही लुडबुडत मागून फिरली.

आता मी घरी आहे. पेनं आणि कात्री दुसऱ्या डब्यात गेली. माझा कान अजून वाकडा आहे. परवा बाबा म्हणाले, "अल क्वोजमध्ये एक कारागीर आहे, सरळ करून आणतो." शुली म्हणाली, "नो बाबा, लीव्ह इट. मला तसाच धरता येतो."

माझी भीती काही गेलेली नाही. नळ सुटला की अजून माझं अंग शहारतं. शुली रोज रात्री मला भरते आणि आधी पाण्याखाली बोट धरून पाहते.

मित्रांनो, जुन्या भांड्यांना अडगळीत टाकू नका, त्यांना अधूनमधून चिंच लावा. आणि या वाकड्या कानाच्या तांब्याचं आणखी एक ऐका. तुम्हाला जे ठाऊक आहे, ते पट्टी लागण्याआधी बोला. कोणी हसलं तर हसू द्या. त्या शुक्रवारी न्हाणीघरात मीही होतो आणि मलाही सगळं ठाऊक होतं. पण मला कान दोन असले, तरी माझं तोंड फक्त पाणी ओतायचं आहे. तुमचं बोलायचं आहे.